एकशे ब्याऐंशी वाहनं

सल्लागार कसा नेमावा हे सबंध पुणे जिल्ह्यात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस म्हणजे मी! चार मार्चच्या सकाळी नऊपर्यंत माझं हे मत अगदी पक्कं होतं. दुपारी तीनला ते जरा पातळ झालं. आणि संध्याकाळी सहाला तुम्ही मला माझं नाव विचारलं असतं, तर मी आधी ओळखपत्र काढून वाचलं असतं.

नाव सत्यजीत. शिरूर आणि दौंडच्या मधे पिंपळदरा म्हणून गाव आहे, तिथल्या नगरपंचायतीचा मी एकुलता एक इंजिनिअर. गटार तुंबलं, मला बोलवा. दिवा गेला, मला बोलवा. बैल बिथरला, तरी "इंजिनेर सायबास्नी सांगा"!

आता माझं दुःख ऐका. माझी बायको मोनाली दौंड स्टेशनवर तिकीट खिडकीत बसते. लग्नाला दोन वर्षं झाली. मला सुट्टी शनिवार-रविवार, तिला बुधवार. त्यात मला मुख्यालयी राहण्याची सक्ती. म्हणजे मी शनिवारी तीस-पस्तीस किलोमीटर फटफटी हाणत दौंडला जायचो आणि स्वतःच्या बायकोशी बोलायला रांगेत उभा राहायचो!

"जेवलीस का?"

"कुठलं तिकीट पाहिजे ते बोला. मागं लोक आहेत."

"डोकं दुखत होतं ना काल?"

मागून कुणीतरी ओरडायचं, "ओ भाऊ, पुण्याला जायचंय का हितंच संसार मांडायचाय?"

दौंडला बदलीचा माझा आदेश डिसेंबरातच आला होता. पण आदेश येणं वेगळं आणि इथून कार्यमुक्त होणं वेगळं. ते आमच्या मुख्याधिकारी प्रगती मॅडमच्या हातात. मॅडम म्हणाल्या, "सत्यजीत, आपल्या चौक ते एसटी थांबा रस्त्यासाठी सल्लागार नेमायचाय. मार्च संपायच्या आत नेमला नाही तर निधी परत जाईल. तो नेमा, आणि एकही तक्रार येता कामा नये. एकही! त्याच दिवशी तुम्हाला सोडते."

यंदा पाडवा तीस मार्चला. मोनालीनं फोनवर बजावलं होतं, "गुढी दोघांनी मिळून उभारायची. नाहीतर मी एकटीच उभारीन आणि शेजाऱ्यांना सांगेन, नवरा हरवलाय."

तर असं सगळं त्या एका सल्लागारावर येऊन थांबलं होतं.

सल्लागार म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. रस्ता बांधतो तो ठेकेदार. रस्ता कुठून न्यायचा, केवढा करायचा, गटार कुठं, फुटपाथ किती, हे सांगतो तो सल्लागार. आणि दोघांच्या वाट्याच्या शिव्या खातो तो इंजिनिअर. सल्लागार नुसत्या स्वस्त दरावर घेत नाहीत. आधी त्याची अक्कल तपासतात, तिला गुण देतात, मग दराचं पाकीट उघडतात. आता सगळं ऑनलाइन असतं, पण म्हणायचं अजून पाकीटच. आमच्याकडं दोन कंपन्यांची पाकिटं आली. गुप्तता म्हणून मी त्यांची नावंच टाकून दिली. फोनवरसुद्धा म्हणायचो, "नमस्कार, पाकीट एक बोलताय का?"

दोन्ही पाकिटांची कागदपत्रं इतकी सुंदर होती की दोघांनाही पैकीच्या पैकी गुण पडत होते. मग निवडायचं कसं? इथंच माझी अक्कल चालली! मी निविदेत आधीच एक अट घालून ठेवली होती: प्रात्यक्षिक परीक्षा. दोन्ही कंपन्यांनी एकाच दिवशी आमच्या चौकात उभं राहून वाहनं मोजायची. खऱ्या आकड्यापासून ज्याचा आकडा दहा टक्क्यांपेक्षा जास्त हुकेल, तो अपात्र! मॅडम म्हणाल्या, "कल्पना चांगली आहे. पण खरा आकडा कोण सांगणार?"

"म्हाळू आबा," मी म्हणालो.

म्हाळू आबांचं वय पंच्याहत्तरच्या पुढं. हयात मेंढरांमागं गेली. आता मेंढरं मुलांकडं, आबा चौकातल्या पारावर. पण मोजायची सवय सुटलेली नाही. वाड्याच्या फटीतून तीनशे मेंढरं धावत सुटली तरी आबा एकानं चुकत नसत, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. डाव्या मांडीजवळ चिंचोक्यांची पिशवी, उजव्या मांडीजवळ रिकामी. एक गेलं की एक चिंचोका इकडून तिकडे.

आमच्या चौकातून दोन रस्ते फुटतात, बाजाररस्ता आणि बिरोबा रस्ता, आणि दोघांचं वैर जुनं. आबा बिरोबा रस्त्याकडचे, म्हणून बाजाररस्त्याचे पुढारी आनंदराव आप्पा हरकत घेतील अशी मला धास्ती होती. आप्पा म्हणजे सोसायटीचे माजी चेअरमन, पांढऱ्या कपड्यांना कधी सुरकुती नाही. पण ते म्हणाले, "म्हाळूची मोजनी असंल तर माझी ना न्हाई. माझ्या बापाच्या रानात खताला मेंढरं बसवायचा त्यो. मेंढरामागं दाणं ठरल्यालं असायचं, पर कदी एक पायली चुकली न्हाई."

सगळं असं मार्गी लागल्यावर मी शांतपणे सतीशच्या टपरीवर चहा प्यायला गेलो. हीच चूक! कामाचा माणूस चहा ऑफिसात पितो. टपरीवर पितो तो बडबड्या.

सतीशनं विचारलं, "सायब, गाड्या कशाला मोजनार?"

"अरे, वाहतुकीचा अभ्यास. चौकातून एसटी थांब्याकडं दोन रस्ते जातात ना? बाजाररस्ता आणि बिरोबा रस्ता."

"म्हंजी ज्या रस्त्याला गाड्या जास्त, त्याला निधी?"

खरं उत्तर होतं, "नाही रे बाबा, ही फक्त सल्लागाराची परीक्षा आहे." पण समोर सातआठ माणसं कान देऊन बसली होती. मी चहाचा घोट घेतला, पाय पायावर टाकला आणि म्हणालो, "तत्त्वतः."

मंडळी, चहाच्या टपरीवर 'तत्त्वतः' हा शब्द कधी उच्चारू नका!

चार मार्चला सकाळी नऊला मी चौकात आलो, तर बाजाररस्त्याच्या तोंडाला मांडव! हलगी कडकडत होती. आप्पा नवा फेटा बांधून खुर्चीत.

"आप्पा, हे काय?"

"काय म्हंजी? मोजनी हाय न्हवं आज?"

"अहो, वाहनांची मोजणी! निवडणुकीची नाही!"

"मोजनी म्हटल्यावर गुलाल आलाच की, सायब," आप्पा मिशीवरून हात फिरवत म्हणाले. गुलालाची पोती खरोखरच आली होती.

समोर बिरोबा रस्त्याच्या तोंडाला नगरसेवक संपतचा मांडव. त्याच्याकडं हलगी नव्हती म्हणून त्यानं गजी ढोल आणले होते. कोरेगाव भीमाच्या कंपन्यांत कामाला असलेली त्याच्या वस्तीवरची पोरं रजा टाकून, मोटारसायकली घेऊन हजर.

दोन्ही पाकिटं वेळेवर आली. पाकीट एकनं चौकात खांब रोवून कॅमेरा चढवला. त्यांचे साहेब म्हणाले, "आमच्याकडे माणूस नाही मोजत. कॅमेरा स्वतः ओळखतो. कार, ट्रक, दुचाकी, सगळं." पाकीट दोननं कॉलेजची आठ पोरं उभी केली, प्रत्येकाच्या हातात अंगठ्यानं दाबायचं मोजणीयंत्र. आणि पारावर आमचे आबा, चिंचोके मांडून.

मी शिट्टी फुंकली.

आणि मग जे सुटलं! आप्पांचे उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, बाजाररस्त्यानं गेले, एसटी थांब्यावरून फिरले, गावाबाहेरच्या पाणंदीनं वळसा घालून पुन्हा चौकात! संपतची पोरं बिरोबा रस्त्यानं तशीच गोल गोल! ज्यांच्याकडं गाडी नव्हती त्यांनी पाहुण्यांची मागून आणली. पिठाच्या गिरणीवाला हातगाडीवर गिरणीचा पट्टा घेऊन चारदा गेला. एका लग्नाची वरात मांडवगण फराट्याकडं निघाली होती, ती आप्पांच्या माणसांनी अडवून तीनदा फिरवली. नवरी दर फेरीला मला सासरचा कुणी मानकरी समजून मान खाली घालायची!

अकराच्या सुमाराला संपतला वाटलं आपण मागं पडतोय. त्यानं मेंढरं काढली. दोनशे चौदा! अख्खा कळप कॅमेऱ्याखालून गेला.

"हे काय मोजलं तुमच्या कॅमेऱ्यानं?" मी विचारलं.

पाकीट एकचे साहेब पडद्यावर वाकले. त्यांचा चेहरा उतरला. "दोनशे चौदा दुचाकी," ते हळूच म्हणाले.

पाकीट दोनची पोरं त्याहून गमतीची. सुरुवातीला नीट मोजत होती. पण हलगीचा ठेका असा काही होता की कुणाचाही अंगठा थांबेना! रस्त्यावर कुत्रं नसताना आठही यंत्रं 'टक टक टकाटक टक' चालू! एक तर डोळे मिटून मोजत होता.

एक परप्रांतीय ट्रकवाला मधेच अडकला. खिडकीतून वाकून म्हणाला, "भैया, चुनाव है क्या?"

"नहीं, गिनती है."

"तो बटन किसका दबाना है?"

मी कपाळाला हात लावला. तरी अजून मला वाटत होतं, निभेल. गर्दी कितीही होवो, दोन्ही कंपन्या आणि आबा मोजतायत तेच. आकडे जुळले की झालं. पाडवा दिसत होता मला!

एक वाजता संपत घाम पुसत आला. "सायब, कोन फुडं हाय? आमचा रस्ता जितला तर काय काय मिळंल?"

माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. म्हटलं, याला जरा शास्त्र समजावून सांगू.

"जितकी वाहनं जास्त, तितका रस्ता रुंद. अठरा मीटर करावा लागेल!"

"आत्ता किती हाय?"

"नऊ."

"मग ऱ्हायल्यालं नऊ कुठनं आननार?"

"दोन्ही बाजूंनी घ्यायचे. साडेचार इकडून, साडेचार तिकडून."

संपतनं आपल्या रस्त्याकडं पाहिलं. तिथं दोन्ही बाजूंना घरं होती. पहिलं त्याचंच होतं, नवा जिना काढलेलं.

"म्हंजी माझा जिना?"

"जिना, ओसरी आणि..." मी मनात मोजलं, "...पुढची खोली."

संपत फिरला आणि मांडवाकडं धावला. दोन मिनिटांत गजी ढोल बंद! पाच मिनिटांत बातमी समोरच्या मांडवात पोचली, कारण आप्पांची अकरा दुकानं बाजाररस्त्याला लागूनच होती. हलगी बंद! मला वाटलं, सुटलो.

सुटतोय कसला! आता दोन्ही बाजूंना आपल्या रस्त्यावर एकसुद्धा वाहन नको होतं. सकाळी ओढून आणलेली गाडी आता ढकलून दुसऱ्याच्या अंगावर! आप्पांची माणसं बाजाररस्त्याच्या तोंडाला आडवी झोपली, "हिकडनं न्हाई, तिकडनं जा!" संपतची माणसं एसटी थांब्यावर काठ्या घेऊन, "परत फिरा, बाजाररस्त्यानं जावा!" आप्पांनी स्वतःचे ट्रॅक्टर बिरोबा रस्त्यावर सोडले आणि खुर्चीतून ओरडले, "मोजा ह्ये! ह्ये समदं त्यांचं!" संपतनं मेंढरं बाजाररस्त्यात घातली. दोन्हीकडून आलेलं सगळं चौकात येऊन थबकलं. ऊस, मेंढरं, वरात, ट्रकवाला, गिरणीचा पट्टा, सगळं एकमेकांत! मेंढरांनी उसाच्या मोळ्या ओढायला घेतल्या. नवरदेव घोड्यावरून उतरून ट्रॉलीवर बसला, कारण घोडा मेंढरांना घाबरला होता.

एवढ्यात फोन वाजला. प्रगती मॅडम.

"सत्यजीत, मी जीपमध्ये आहे. मला बैठकीला जायचंय. गेल्या चाळीस मिनिटांत मी तुम्हाला तिसऱ्यांदा बघतेय."

मी मान वळवली. दोन्ही रस्त्यांनी परत फिरवलेली मॅडमची जीप गर्दीच्या कडेनं माझ्यासमोरून चालली होती. काच खाली होती. मी नमस्कार केला. त्यांनी काच वर घेतली. वीस मिनिटांनी जीप चौथ्यांदा आली, तेव्हा मी पाराच्या मागं लपलो.

संध्याकाळी सहाला मी शिट्टी फुंकली आणि सगळ्यांना पारापाशी बोलावलं. मॅडम पण होत्या, पाचव्या फेरीला जीप सोडून पायी आल्या होत्या. निकालाची वेळ!

"पाकीट एक?"

"अकरा हजार सहाशे चाळीस."

"पाकीट दोन?"

"एकोणीस हजार दोनशे आठ," पोरगं अजून ठेक्यात मान हलवत म्हणालं.

"आबा, तुम्ही सांगा. खरा आकडा."

आबांनी उजवीकडची पिशवी उचलली, हातात तोलली. "येकशे ब्याऐंशी."

मी हसण्याचा प्रयत्न केला. "आबा, एकशे ब्याऐंशी? अहो, सकाळपासून नऊ तास..."

"मंग? त्येच त्येच गेलं की रं फिरून! आनंदरावाचं सोळा ट्रॅक्टर, संपतच्या येकतीस फटफट्या, त्यो ट्रकवाला येक, ह्या बाईंची जीप येक." त्यांनी मॅडमकडं बोट केलं. "मेंढरू दोनदा वाड्यात शिरलं म्हून काय दोन व्हत्यात व्हय? मी तोंड वळखून मोजतो."

"आणि मेंढरं?"

"ती कशाला धरू? वाहनं मोज म्हनलास न्हवं तू?"

दोन्ही पाकिटांच्या माणसांनी आपापल्या आकड्यांचे कागद खिशात घातले. कारण आबा बरोबर होते! मला मनातून इतका आनंद झाला की मी टाळी वाजवणार होतो, आणि तेवढ्यात मला माझीच अट आठवली. दहा टक्के! दोन्ही पाकिटं अपात्र. सल्लागार शून्य. पाडवा सव्वीस दिवसांवर.

मॅडमनी तिथंच पाराच्या कठड्यावर टेकून फेरनिविदा लिहायला घेतली. अल्प मुदतीची, सरळ साधी. अनुभव बघा, माणसं बघा, दर बघा. माझं प्रात्यक्षिक त्यांनी एका रेघेत उडवलं. रेघ जरा जोरात ओढली, कागद फाटला.

पुढचे तीन आठवडे मी तोंड बंद ठेवून काम केलं. तिसरं-चौथं पाकीट आलं, गुण पडले, दर उघडले, आणि अठ्ठावीस मार्चला सकाळी सल्लागाराला नेमणूक पत्र गेलं! तक्रार? एकही नाही! मी सतीशच्या टपरीवर गेलो. आता काय बिघडणार होतं?

"सतीश, आज चहा माझ्याकडून सगळ्यांना! हरकतींची मुदत उद्या संध्याकाळपर्यंत. तोवर एकही तक्रार आली नाही, की मी चाललो दौंडला!"

सतीशच्या हातातली किटली थांबली. "म्हंजी तक्रार आली तर न्हाई जाता येनार?"

"अर्थातच!" मी म्हणालो. शिकलेल्या माणसाला अक्कल असतेच असं नाही, हे आता मी छातीठोकपणे सांगू शकतो.

एकोणतीसला संध्याकाळी साडेपाचला मॅडमनी बोलावलं. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता.

"तक्रारी आल्यात."

"किती?"

"म्हाळू आबांनी मोजून आणून दिल्यात. एकशे ब्याऐंशी."

मी वरचा कागद उचलला. सतीशचं अक्षर. 'अर्ज करतो की, इंजिनेर सायब लय चांगले हायेत, म्हणून त्यांची तक्रार करण्यात येत आहे.' खाली आनंदरावांची सही. दुसरा कागद, तोच मजकूर, खाली संपतचा अंगठा. त्याला सही येते, पण जोर यावा म्हणून अंगठा दिला होता. दोन्ही रस्त्यांच्या माणसांनी हे पहिलंच काम एकत्र केलं होतं!

"मॅडम, ही तक्रार आहे का? ही तर स्तुती आहे!"

"वर 'तक्रार' लिहिलंय. आवक क्रमांक पडलेत," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा गंभीर होता, पण पाच फेऱ्यांचा हिशेब पुरा झाल्याचं समाधान त्यावर मला स्पष्ट दिसलं. "चौकशी होईपर्यंत तुम्हाला सोडता येणार नाही. कोण करणार चौकशी? इंजिनिअरच करतो. म्हणजे तुम्हीच."

मोनालीला फोन लावला. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काठी आहे का तिथं?"

पाडव्याला सकाळी एसटीतून मोनाली उतरली. एका हातात कलश, दुसऱ्या हातात साखरेची गाठी, काखेत साडी. माझ्या भाड्याच्या खोलीच्या दारात आम्ही दोघांनी मिळून गुढी उभारली. खरं सांगतो, डोळे भरून आले माझे. कार्यमुक्ती मिळाली नाही, पण गुढी मिळाली.

थोड्या वेळानं आप्पा, संपत आणि म्हाळू आबा आले. आप्पांनी मोनालीच्या हातात पेढे दिले. मला राहवेना.

"आप्पा, गावानं एवढं प्रेम केलं माझ्यावर! एकशे ब्याऐंशी माणसं!"

आप्पांनी संपतकडं पाहिलं. संपतनं चपलेकडं.

"प्रेम हायेच की," आप्पा म्हणाले. "पर सायब, तुमच्यापासनं आता काय लपवायचं? नवा सल्लागार आला की पुन्हा गाड्या मोजनार. तवा त्याच्या शेजारी नवा इंजिनेर हुबा असला आन् त्याला खरंच मोजता येत असलं तर? आमची दुकानं हायेत, संपतचा जिना हाय. तुमी हाय तवर गावाला धोका न्हाई."

मोनाली पदर तोंडाला लावून इतकी हसली की गुढी हलली. मग तिनं टेबलावरचा माझाच ऑफिसचा कोरा कागद ओढला आणि लिहायला बसली.

"काय लिहितेस?"

तिनं कागद माझ्यापुढं धरला. 'तक्रार अर्ज. सत्यजीत नावाचा इसम दोन वर्षांपासून दर शनिवारी दौंड स्टेशनच्या रांगेत उभा राहतो, खिडकीवर येऊन जेवणाची चौकशी करतो आणि एकदाही तिकीट काढत नाही.'

आबांनी खिशातून एक चिंचोका काढला आणि उंबऱ्यावर ठेवला.

"येकशे त्र्याऐंशी," ते म्हणाले.